भास्करचा शेवटचा अहवाल

भास्करला मी शेवटचं भेटलो ते अंबाजोगाईच्या दवाखान्यात, मे महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी. बीडला मॅच संपली तशी मी एसटी धरली होती. अंगावर मैदानाची धूळ, ओरडून ओरडून बसलेला घसा. तो उशांना टेकून बसला होता, नाकात नळी होती, आणि मी दारात दिसताच त्यानं ना पाणी विचारलं ना प्रवास. "काय झालं बे?" एवढंच म्हणाला. वाटेत अडीच तास मी एकच वाक्य घोळवत आलो होतो, 'हरलो, पण पोरं चांगली खेळली.' ते वाक्य अगदी ओठांपर्यंत आलं. मग त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणालो, "जिंकलो. दोन-एक."

हे सांगताना आजही मला बरं वाटत नाही. मी पेशानं ढोरांचा डॉक्टर, म्हणजे सरकारी दवाखान्यातला पशुधन पर्यवेक्षक. आमच्या धंद्यात एक सवय लागते. गाय उठणार नाही हे कळलेलं असतं, पण उशाला बसलेल्या माणसाला आपण "सकाळपर्यंत उठंल" असं म्हणून मोटारसायकलला किक मारतो. भास्कर त्या सवयीवरून मला तीस वर्षं बोलत आला होता. आणि नेमकं त्याच्यापाशीच ती जिभेवर आली.

तो नुसता हसून थांबला असता तर निभावलं असतं. पण फुटबॉलच्या बाबतीत भास्करला अर्धवट बातमी कधीच चालली नाही. गोल कुणी मारला, कुठल्या पायानं, कितव्या मिनिटाला... एकेका प्रश्नाला मी एकेक खोटं रचत गेलो. खरी गोष्ट अशी होती की सामना एक-एक असताना शेवटच्या पाच मिनिटांत आम्हाला पेनल्टी मिळाली, ती आमचा कर्णधार बाळू यानं बारच्या वरून घालवली, आणि लगेच समोरच्यांनी गोल केला. दोन-एक हा आकडा तेवढा खरा होता, फक्त उलट्या बाजूनं. मी भास्करला सांगितलं की बाळूनं पेनल्टी मारली आणि आपण जिल्ह्याच्या स्पर्धेच्या अ गटात राहिलो. त्यानं डोळे मिटले. मला वाटलं, झोपला. तर म्हणाला, "कागद काढ. अहवाल सांगतो."

त्या अहवालाबद्दल सांगायचं तर आधी भास्करबद्दल सांगावं लागेल. वडवणी आणि माजलगावच्या मधलं आमचं गाव, आणि तिथल्या सेवा सहकारी सोसायटीचा तो गटसचिव. गावात फुटबॉल आला तो शाळेत बदलून आलेल्या एका पीटीच्या सरांमुळं. सर दोन वर्षांत बदलून गेले, चेंडू राहिला. मी गोलकीपर झालो, कारण मला पळायचा कंटाळा. भास्करला खेळता येत नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. त्याचा पाय चेंडूच्या आधी तरी पोचायचा किंवा नंतर तरी. तो रेषेबाहेर आमच्या चपला सांभाळत उभा राहायचा आणि मॅच संपली की प्रत्येकाला त्याची चूक सांगायचा. पुढं आम्ही पिवळे बनियन शिवून क्लब काढला, तेव्हा खेळणारे सगळे होते आणि क्लब चालवणारा एकटा भास्कर. लोक क्लबाला पिवळा संघच म्हणत. पोरं भास्करला नाना म्हणत आणि मला डॉक्टर, तेही जरा खवचटपणेच.

जाहीर बोलण्याची एकच पद्धत त्याला ठाऊक होती, ती म्हणजे सोसायटीच्या वार्षिक सभेची. त्यामुळं पिवळ्या संघाचीही दर पावसाळ्यात वार्षिक सर्वसाधारण सभा भरायची, सोसायटीच्या गोदामाच्या ओट्यावर, खताच्या गोण्यांना पाठ लावून. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे, हंगामाचा अहवाल, संघाचा भविष्यकाळ आणि शेवटी आयत्या वेळचे विषय, असा रीतसर क्रम. "सन्माननीय सभासद बंधूंनो, अहवाल सालात आपल्या संघाने सात सामने खेळले, पैकी पाच हरले," असं तो गंभीर चेहऱ्यानं वाचायचा आणि आम्ही तोंडावर टॉवेल धरून हसायचो. सोसायटीच्या सभेत लोक अहवाल ऐकण्याआधीच 'मंजूर, मंजूर' म्हणून चहाकडं वळतात. इथं कुणी घाईनं मंजूर म्हटलं की भास्कर कागद खाली ठेवायचा. "काय मंजूर केलंस ते सांग," म्हणायचा. सांगता आलं नाही तर पहिल्यापासून वाचायचा. त्यामुळं पुढं पुढं लोक खरंच ऐकू लागले. दुरुस्त्या सुचवू लागले. अमुक गोल ऑफसाइड होता, तो आपल्याला चुकून मिळाला, असं लिहायला लावणारी जिल्ह्यात बहुधा आमचीच एक सभा असेल.

संघाची अडचण साधी होती आणि तिला उपाय नव्हता. अकरातले आठ-नऊ जण ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की गाड्या भरायच्या आणि पश्चिमेकडचे कारखाने नाहीतर पार कर्नाटक. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की मग परत. पण स्पर्धेच्या नोंदणीचे फॉर्म भरायचे जानेवारीत, प्रत्येक खेळाडूच्या सहीनिशी. दुसऱ्या कुठल्याही क्लबानं अशा वेळी सह्या गावातच बसून ठोकल्या असत्या. भास्कर दर जानेवारीत रजा टाकून, पिशवीत फॉर्म आणि हवा काढलेला चेंडू घेऊन, एसटीनं ऊसतोडीच्या फडाफडावर हिंडायचा. एकदा मीही त्याच्याबरोबर गेलतो.

तोडणाऱ्यांच्या सगळ्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, एका ओढ्याकाठी होत्या आणि फड तिथून लांब. आम्ही पोचलो तेव्हा बाळू डोक्यावर मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढत होता. बावीस-तेवीसचा असेल तेव्हा. भास्कर खाली उभा राहून त्याच्या पायांकडं बघत होता. "डावा पाय अजून बाहीर टाकतोस बे," त्यानं ओरडून सांगितलं. बाळू मोळी टाकून हसत उतरला. सही करायला त्यानं हात डोक्याच्या पटक्याला पुसले, तरी फॉर्मवर उसाच्या चिकाचा डाग पडलाच. बाळूची बायको आणि तोडीतली जोडीदार कविता वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, बांधत होती. तिनं हातातलं काम न थांबवता विचारलं, "नाना, कोयता म्हंजी दोघं. ह्ये मॅचला गेले की माझा बी खाडा पडतो. मंग माझी सही कावून न्हाई घेत?" मी हसलो. भास्कर हसला नाही. त्या वर्षीच्या अहवालात, कोयत्यातल्या ज्या दुसऱ्या माणसाच्या खाड्यावर आपला संघ खेळतो त्या सर्व भगिनींचे ही सभा आभार मानते, असं वाक्य आलं आणि पुढं दरवर्षी राहिलं. जाताना त्यानं चेंडूत हवा भरली आणि तोडून मोकळ्या झालेल्या वावरात पोरं अर्धा तास खेळली. उसाची खोडकं पायाला लागत होती. भास्कर बांधावर उभा राहून प्रत्येकाला त्याची चूक सांगत होता.

आता यातली खरी गोम अशी की पाऊस चांगला झाला की आमचा संघ वाईट व्हायचा. ऊस भरपूर, गाळप लांबलेलं, पोरं एप्रिल उलटून परत यायची, तीही दमून, हातापायांना भेगा घेऊन. एका चांगल्या पावसाच्या वर्षी तर पहिल्या मॅचला सातच जण गावात होते. सात म्हणजे मी, वय वर्षं पंचेचाळीस, गोलात. आणि डाव्या बाजूला बचावाला पँट दुमडून उभा राहिलेला भास्कर. आयुष्यातली त्याची ती एकमेव मॅच. आठ गोल खाल्ले आम्ही. त्यातला एक भास्करच्याच गुडघ्याला लागून आत गेला. अहवालात त्यानं लिहिलं की सदर गोल सचिवाच्या निष्काळजीपणामुळे झाला असून सचिव दिलगीर आहेत.

आणि दुष्काळ पडला की उलटं. त्या मोठ्या दुष्काळाच्या साली माजलगावचं धरण मृतसाठ्यात गेलं, ऊस जागेवर वाळला, कारखाने कसेबसे दोन महिने चालले आणि पोरं जानेवारीतच परत आली. पहिल्यांदाच अख्खा संघ गावात. मैदान मात्र नव्हतं. ते मीच घालवलं होतं. चारा छावणीला जागा कुठली, असं तालुक्याच्या साहेबांनी विचारलं तेव्हा आम्ही खेळायचो त्या सोसायटीच्या पडीक मैदानाचं नाव मी सुचवलं. कडेला लिंबाची झाडं होती, बोअरला थोडं पाणी होतं. भास्करला आधी विचारायचं धाडस झालं नाही. जनावरं येऊन दावणीला लागली तेव्हा त्याला कळलं. मला वाटलं, आता हा माझ्याशी बोलणार नाही. तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला, गोलचे दोन्ही बांबू उपटले आणि हौदावर सावलीचं छप्पर घालायला मला आणून दिले. "इचारलं असतंस तर मीच सांगितलं असतं," म्हणाला. यापेक्षा त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

सराव मग सिंदफणेच्या पात्रात सुरू झाला. नदीत पाणी नव्हतंच, नुसती वाळू. तीन महिने पोरं वाळूत पळाली, आणि वाळूत पळालेली पोरं बीडच्या कडक मैदानावर अशी सुटली की कुणाला सापडेनात. आम्ही जिल्ह्याचा कप जिंकला. पहिला आणि आतापर्यंत शेवटचा. गावात गुलाल उधळला, टँकरच्या रांगेतल्या बायासुद्धा कळशा ठेवून बघायला आल्या. वार्षिक सभेत सगळे ताठ बसले होते, नाना आज काय काय वाचतो म्हणून. भास्करनं सामन्यांचं वर्णन मन लावून वाचलं, प्रत्येकाचं नाव घेतलं. मग भविष्यकाळाचा परिच्छेद आला. "यंदाचे यश हे पोरांच्या मेहनतीचे आहे. पण ती मेहनत करायला त्यांना वेळ मिळाला तो दुष्काळामुळे. असा वेळ पुन्हा मिळू नये. त्यासाठी कप पुन्हा नाही मिळाला तरी चालेल, असे या सभेचे मत आहे."

कुणी मंजूर म्हणेना. बाळू उठला. तेव्हा तो नुकताच कर्णधार झाला होता. "नाना, आमी वाळू तुडवली. कप आमी जिंकला. दुष्काळानं न्हाई," तो म्हणाला. भास्कर म्हणाला, "खरं हाय. म्हणून तर तुजं नाव आधी घेतलं." "मंग हे पुढचं कावून?" "तुज्या बैलाची जोडी छावणीत हाय का न्हाई?" बाळूनं मान हलवली. "तिला दावणीला बांधून कप पाह्यजे का तुला?" शेवटी बाळूनंच हळू आवाजात मंजूर म्हटलं. मी त्या सभेत होतो आणि मला तेव्हा भास्करचा राग आला होता. एवढ्या वर्षांनी एक आनंद आला होता हाताशी, तोही यानं तोलून-मापून दिला. आता वाटतं, तो सोसायटीचा सचिव होता. गावात कुणाच्या वावरात काय उगवलं आणि काय जळालं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. कपासाठी त्याचाही जीव तुटत होता. पण पाऊस नको म्हणणं त्याला जमलं नाही.

असल्या माणसाच्या अहवालात मी माझ्या हातानं खोटं लिहिलं. त्या संध्याकाळी तो सांगत गेला, अडखळत, मधेच श्वास घेत. "अटीतटीच्या सामन्यात अखेरच्या क्षणी मिळालेल्या पेनल्टीचे गोलात रूपांतर करणारे कर्णधार श्री. बाळू यांनी दाखवलेल्या धीराबद्दल ही सभा त्यांचे अभिनंदन करीत आहे." मी लिहिलं. मग भविष्यकाळाचा परिच्छेद सांगितला, तोही लिहिला. वाचून दाखवायला लावलं. एक काना चुकला होता तो दुरुस्त करून घेतला. बाहेर व्हरांड्यात भास्करची बायको, शकुंतलावहिनी, थर्मास घेऊन उभ्या होत्या. त्यांना मी खरं काय ते सांगून टाकलं. "बरं केलंत का वाईट केलंत, मला सांगता येईना, भाऊजी," म्हणाल्या. पण त्यानंतर त्यांनी कुणाचाही फोन त्याच्या कानाला लावू दिला नाही. बुधवारी पहाटे तो गेला. मूत्रपिंडं तर वर्षभरापासूनच साथ देत नव्हती.

मातीला अख्खा संघ आला, बाळू सोडून. तो आला नाही असं नाही. लांब, बाभळीपाशी उभा होता आणि सगळ्यांच्या आधी निघून गेला. मॅचच्या दिवशीच त्यानं बनियन काढून पिशवीत कोंबला होता आणि सगळ्यांदेखत सांगितलं होतं की जानेवारीत माझी सही धरू नका. आता तोही चाळिशीकडं झुकलाय. बाळू नाही म्हटल्यावर आणखी तिघं-चौघं कुरकुरू लागली. ब गटात कोण खेळणार, आणि नानाच नाही तर सह्या गोळा करत फडावर कोण येणार. क्लब मोडतोय हे मला दिसत होतं. आणि माझ्या खिशात कागद होता, ज्यात आम्ही जिंकलो होतो.

जुलैमध्ये सभा घेतली. न घेणं बरं दिसलं नसतं. गोदामाचा ओटा तोच, खताचा वास तोच. वहिनी येऊन कडेला बसल्या. बाळूही आला, सगळ्यात मागं, गोण्यांच्या आडोशाला. मी आदल्या दिवशी तो कागद दहा वेळा काढून ठेवला होता. ते वाक्य गाळून वाचावं असं फार वाटलं. पण मेलेल्या माणसानं सांगितलेला मजकूर, त्यातला काना त्यानं तपासून घेतलेला... मी जसंच्या तसं वाचलं. अभिनंदनाचं वाक्य वाचताना मान वर केली नाही. भविष्यकाळ वाचला आणि कागद खाली ठेवला.

मग मागून आवाज आला, "दुरुस्ती हाय, डॉक्टर."

बाळू उभा होता. "पेनल्टी मी घालवली. बारच्या वरून गेली. मॅच आपण हारलो. तसं लिवा." मी म्हणालो, "बाळू, त्याला मीच खोटं सांगितलं. चूक माझी आहे, त्याची नाही." हे सगळ्यांसमोर म्हणताना वहिनींकडं बघायची हिंमत झाली नाही. बाळू म्हणाला, "तुमी कावून सांगितलं ते मी इचारीत न्हाई. तितं मी असतो तर मीबी तेच सांगितलं असतं. पण नानाच्या अहवालात खोटं ऱ्हाऊ नये, यवडंच." वहिनी मान हलवून म्हणाल्या, "खोडा, भाऊजी. ह्यांना चाललं नसतं." मी ते वाक्य खोडलं. त्याच्या वर बारीक अक्षरात लिहिलं की अखेरचा सामना संघ दोन-एक असा हरला, पेनल्टी वाया गेली, संघ ब गटात गेला. वाचून दाखवलं. बाळूनं ऐकून घेतलं.

मला वाटलं, आता पुढचंही खोडावं लागणार. जिंकल्याच्या भरात सांगितलेला भविष्यकाळ हरलेल्या संघाला कसा लागू व्हावा. तसं मी विचारलं. बाळू म्हणाला, "परत वाचा." मी वाचलं.

"पुढील हंगाम. धरणात अजून पाणी आहे, ऊस उभा आहे, गाळप लांबेल. त्याचा आनंद आहे. पोरे उशिरा येतील, दमून येतील. त्यांना बोल लावू नये, त्यांची वाट पाहावी. अकरा भरेपर्यंत जे असतील त्यांनी सराव चालू ठेवावा. संघ पुढच्या वर्षी खेळेल."

"ह्यात खोटं काय हाय?" बाळूनं विचारलं. काही नाही म्हणून मी मान हलवली. "मंग ऱ्हाऊ द्या."

मंजूर, असं या वेळी एकेकानं म्हटलं, एका सुरात नाही. मी खाली 'दुरुस्तीसह मंजूर' असं लिहिलं आणि रिवाजाप्रमाणं विचारलं की सूचक म्हणून सही कोण करणार. बाळू गोण्यांमधून वाट काढत पुढं आला, माझ्या हातातला पेन घेतला आणि सही केली.